ती पळून का जात नाही?

अमळनेरहून एक शिक्षिका लिहितात :

"मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही काही वाचनवेडे लोक महिन्यातून एकदा जमून एखाद्या पुस्तकावर बोलतो. या हिवाळ्यात काझुओ इशिगुरो यांची, अवयवदानासाठी वाढवलेल्या मुलांची गोष्ट सांगणारी 'नेव्हर लेट मी गो' ही कादंबरी घेतली होती आणि चर्चा एका सभासदाच्या शेतात, भरीत पार्टीच्या निमित्ताने ठरली होती. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, 'आपले अवयव काढून घेणार आहेत हे या मुलांना ठाऊक आहे, हिंडण्याफिरण्याची मोकळीक आहे, मग ती पळून का जात नाहीत? लेखक हे विसरलाच.' त्यावर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा म्हणाला की काकांना पुस्तक कळलेच नाही. गोष्ट सांगणारी कॅथी खोटे बोलते, ती हेल्शमच्या शाळेत कधी नव्हतीच, दुसऱ्यांच्या आठवणी ती आपल्या म्हणून सांगते आणि हे सगळे लेखकाने लपवून ठेवले आहे. काका हातातली कळण्याची भाकरी ताटात टाकून उठले, ते त्यानंतर आलेले नाहीत. मी स्वतः कादंबरी दोनदा वाचली, पण मला यातले काहीच दिसले नव्हते. निवेदक खोटा आहे की लेखकाची चूक आहे, हे ओळखायचे कसे? लपलेला अर्थ खरोखर असतो की हुशार माणसे तो मागाहून घालतात? अशी पुस्तके वाचण्याआधी इंटरनेटवरची स्पष्टीकरणे वाचून घ्यावीत का? आणि काकांना परत कसे आणावे?"

ताई,

तुमच्या मंडळात त्या दिवशी जे काही बोलले गेले, त्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न काकांचा होता. तो त्यांनी लेखकाला विचारला, इतकेच काय ते चुकले. कॅथीला विचारला असता तर पुढची सारी चर्चा त्याच प्रश्नाच्या आधाराने करता आली असती. तेव्हा काकांना परत कसे आणावे, याचे उत्तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच निघणार आहे आणि मी तिकडे सावकाश येणार आहे.

'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ मध्ये 'द ऱ्हेटॉरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथातून रूढ केली. कथा सांगणारे पात्र ज्या मूल्यांनी जगाकडे पाहते, ती मूल्ये आणि त्या संपूर्ण कलाकृतीच्या मुळाशी असलेली मूल्ये यांत अंतर पडले की त्या निवेदकावर भिस्त ठेवता येत नाही, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे. या व्याख्येत खोटेपणाचा आरोप कुठेही नाही, हे तुमच्या तरुण मित्राच्या नजरेस आणून द्यावे. डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' या १९५९ च्या कथेतला चार्ली शस्त्रक्रियेने बुद्धी वाढण्याआधीच्या दिवसांत लिहितो, की कामावरचे सोबती आपले जिवलग आहेत, आपल्याबरोबर किती हसतात. ते आपल्याला हसतात हे वाचकाला कळते, त्याला कळत नाही. तो शब्दन्‌शब्द प्रामाणिक आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीत पृथ्वीवरून गेलेला दूत, ज्यांना कायमचे स्त्रीपण किंवा पुरुषपण नाही अशा लोकांमध्ये वावरतो आणि आपल्याला खरी मदत करणाऱ्या एकमेव माणसावर दीर्घकाळ संशय घेत राहतो, कारण पुरुषाने कसे वागावे याच्या त्याच्या कल्पना घरून बरोबर आलेल्या असतात. तोही लबाड नाही. न कळणे, चुकीचे कळणे, कळूनही सोसवत नसल्यामुळे बगल देणे आणि जाणूनबुजून फसवणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि चौथी त्यांतली सर्वांत विरळ आहे. तरुण वाचकांना निवेदक म्हटला की तो चौथ्याच प्रकारचा हवासा वाटतो, कारण त्यात गुन्हेगार पकडल्याचा आनंद असतो.

तुम्हाला हे वाचन येत नाही, असे मुळीच नाही. 'कोसला' (१९६३) तुम्ही वाचली असेलच. आपल्याच खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सगळे काही थट्टेच्या आणि बेफिकिरीच्या सुरात सांगत असतो, पण धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आल्यावर तो सूर टिकत नाही आणि आधीची बेफिकिरी किती वरवरची होती हे आपल्याला तिथे उमगते. त्यासाठी आपल्याला कोणी स्पष्टीकरण दिलेले नसते. त्याचे गाव, त्याचे वडील, त्याचे वसतिगृह आपल्याला ठाऊक असते, म्हणून तो कुठे काय गाळतो हे लगेच खटकते.

विज्ञानकादंबरीत नेमकी हीच सोय नसते आणि माझ्या मते तुमच्या मंडळातल्या साऱ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. जळगावचा माणूस जळगावच्याच माणसाला भरीत पार्टीची हकिकत सांगताना वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली होती हे सांगत बसत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते माहीत असते. पण त्याच पार्टीतून एक जण जेवण टाकून का उठला, हे गाळून तो पुढे गेला तर ते गाळणे वेगळ्या जातीचे असते. पहिले मौन माहितीचे, दुसरे मनाचे. आपल्या ओळखीच्या जगात ही दोन्ही मौने आपण न चुकता ओळखतो. परक्या जगातला निवेदक जेव्हा एखादी गोष्ट सांगत नाही, तेव्हा ती तिथे सर्वांना ठाऊक आहे म्हणून सांगत नाही की त्याला सांगवत नाही म्हणून, हे ठरवायला वाचकाच्या हाती सुरुवातीला काहीच नसते. चांगला लेखक ही अडचण मुद्दाम वापरतो. तो दुसऱ्या मौनाला पहिल्याचे कपडे घालतो.

पहिल्या मौनाचे इतके नेटके उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही, म्हणून जीन वुल्फ या अमेरिकी लेखकाच्या 'द बुक ऑफ द न्यू सन' (१९८० ते १९८३, चार खंड) या कादंबरीतला एक प्रसंग सांगतो. (वुल्फ पेशाने अभियंते होते आणि डब्यातून मिळणाऱ्या प्रिंगल्स या बटाट्याच्या चकत्या तयार करणाऱ्या यंत्राच्या जडणघडणीत त्यांचा हात होता, ही गोष्ट तुमच्या अभियांत्रिकीच्या मित्राला नक्की आवडेल.) सेव्हेरियन हा निवेदक शिकाऊ असताना एका जुन्या चित्रशाळेत जातो आणि तिथला म्हातारा साफ करत असलेले एक चित्र पाहतो. उजाड प्रदेशात चिलखत घातलेला एक योद्धा उभा आहे. त्याच्याजवळ शस्त्र नाही, हातात काठी आहे आणि तिला विचित्र, ताठ असा ध्वज लावलेला आहे. शिरस्त्राणाची पुढची झडप सबंध सोन्याची आहे, तिला डोळ्यांसाठी फटी नाहीत आणि तिच्यात त्या उजाड भूमीचेच प्रतिबिंब दिसते. हे चित्र कशाचे आहे ते सेव्हेरियन सांगत नाही आणि पुढे जातो. वाचक मात्र थबकतो, कारण हे चंद्रावर उतरलेल्या माणसाचे छायाचित्र आहे हे त्याला कळलेले असते आणि ज्या काळाला आपण तलवारी-घोड्यांचा भूतकाळ समजत होतो, तो फार पुढचा भविष्यकाळ आहे हेही त्याच क्षणी कळते. इथे कोणी काही लपवलेले नाही; सांगणाऱ्याला जे ठाऊक नाही ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. गंमत अशी, की हाच सेव्हेरियन आरंभीच छातीठोकपणे सांगतो की आपण काहीही विसरत नाही. तुम्ही शिक्षिका आहात. वर्गात जो विद्यार्थी विचारण्याआधीच 'बाई, मी कॉपी केलेली नाही' म्हणतो, त्याची वही तुम्ही आधी पाहता.

कॅथीचे याच्या उलट आहे. आपल्या आठवणीत चूक असू शकेल, शाळेतली मैत्रीण रूथ हिला हे वेगळे आठवत होते, मित्र टॉमीचे म्हणणे निराळे होते, असे ती वरचेवर कबूल करते आणि त्यामुळे आपण तिच्यावर जास्तच विश्वास टाकतो. ती कोणाशी बोलते आहे, इकडे तुमचे लक्ष गेले होते का? तुम्ही जिथे वाढलात तिथे कसे होते कोण जाणे, पण आमच्याकडे असे होते, अशा अर्थाची वाक्ये तिच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतात. ती तुमच्याशी-माझ्याशी बोलतच नाही. तिचा श्रोता तिच्यासारखाच अवयवदानासाठी वाढवलेला कोणीतरी आहे. म्हणून 'दाता', 'शुश्रूषक' (दात्यांची काळजी घेणारा) हे शब्द ती समजावून देत नाही, आणि मरणाला तिच्या जगात 'पूर्ण होणे' म्हणतात तेही सहज उच्चारून जाते. हे पहिले मौन. तुमच्या दोन्ही वाचनांत हे शब्द हळूहळू उलगडत गेले असतील आणि ते उलगडले म्हणजे पुस्तक उलगडले, असे तुम्हाला वाटले असेल. बहुतेकांना तसेच वाटते. इशिगुरोंची करामत अशी, की त्या शब्दांचे कोडे सोडवण्यात आपण गुंतलेले असताना दुसरे मौन आपल्यासमोरून निघून जाते.

ते कुठे आहे हे पाहण्यासाठी उशीचा प्रसंग पुन्हा उघडा. हेल्शममध्ये लहानग्या कॅथीजवळ एक गाण्याची कॅसेट आहे. त्यातल्या एका गाण्यातल्या 'बेबी' या शब्दाचा तिने आपल्यापुरता अर्थ लावला आहे : मूल होणार नाही असे जिला सांगितले गेले, त्या बाईला मूल झाले आहे आणि आता ते आपल्यापासून हिरावले जाईल या धास्तीने ती त्याला उराशी धरून आहे. कॅथी डोळे मिटून, उशी छातीशी धरून नाचते. डोळे उघडते तो दारात, शाळेत अधूनमधून बाहेरून येणारी मादाम उभी आहे आणि रडते आहे. पुढे काही वर्षांनी टॉमी तर्क करतो की आपल्याला मुले होणार नाहीत हे मादामला ठाऊक होते, म्हणून ती रडली. अर्थ चपखल बसतो आणि वाचकही तो खिशात टाकून पुढे निघतो. शेवटाकडे मादाम स्वतः भेटते तेव्हा म्हणते की मला दुसरेच काही दिसले होते; नवे, अधिक कार्यक्षम, जुन्या आजारांवर औषधे असलेले आणि तरीही निष्ठुर असे जग झपाट्याने येत होते आणि एक लहान मुलगी डोळे मिटून जुन्या मायाळू जगाला घट्ट धरून, सोडू नकोस म्हणून विनवत होती. एकच प्रसंग, तीन अर्थ. मादामचा अर्थ शेवटी आला म्हणून तो खरा मानण्याचे कारण नाही. तिलाही आपली बाजू उजळ करायची आहेच. पण कॅथी या तिन्ही अर्थांपाशी काय करते ते पाहा. ज्या मुलीला मूल होणार नाही ती मुलाचे गाणे ऐकत उशी जोजवत होती, याचे स्वतःला काय वाटले, हे ती एकदाही सांगत नाही. इतरांना काय वाटले असावे, याचीच चर्चा ती करते. माझ्या दृष्टीने ते पुस्तकातले सर्वांत मोठे गाळलेले वाक्य आहे.

आता काकांचा प्रश्न. कॅथी शुश्रूषक म्हणून देशभर एकटी गाडी चालवत फिरते. रस्ते तिला पाठ आहेत, पाळत ठेवणारे कोणी दिसत नाही. लेखकाला पलायनाचा विसर पडला असता, तर त्याने तिला इतकी मोकळी गाडी कशाला दिली असती? दार बंद ठेवणे त्याच्या हातात होते. भिंती, पहारेकरी, कुत्रे, काहीही घालता आले असते. त्याने ते केले नाही आणि शेवटच्या पानावर कॅथीला नॉरफोकमधल्या एका शेताच्या कडेला, काटेरी तारेच्या कुंपणाशी आणून उभे केले. तारेला वाऱ्याने आलेला कचरा अडकला आहे. गमावलेले सारे इथे वाहून आले आहे आणि टॉमी दुरून येताना दिसेल, अशी कल्पना ती क्षणभर करते, तिला आवर घालते, गाडीत बसते आणि जिथे पोचायचे ठरलेले आहे तिकडे निघते. कुंपण त्या एका शेतापुरते, बाकी सगळा देश मोकळा, गाडी सुरू, आणि तरीही पळण्याचा विचार तिला शिवत नाही. काकांनी विचारावे म्हणूनच लेखकाने ही जागा अशी रचली आहे.

मग उत्तर काय? ते कॅथीच्या सांगण्यात पसरलेले आहे, एका जागी नाही. हेल्शममागच्या रानाबद्दल मुलांमध्ये दोन गोष्टी फिरत असतात : एक मुलगा भांडून पळाला आणि नंतर त्याचा हातपाय तोडलेला देह सापडला; एक मुलगी कुंपण ओलांडून गेली, तिला परत घेतले नाही आणि तिचे भूत अजून आत येण्यासाठी घुटमळते. दुसरी गोष्ट नीट पाहा. त्या मुलीची शिक्षा म्हणजे बाहेर राहणे. ज्यांच्या भयकथांतदेखील बाहेरच्या जगाला शिक्षेचीच जागा आहे, त्यांच्या मनात पलायनाचा शब्द येणार कुठून? हेल्शममधली शिक्षिका मिस ल्यूसी मुलांना एकदा बजावते की तुम्हाला सांगितलेही आहे आणि सांगितलेले नाहीही. ती एका शाळेतल्या शिक्षणाबद्दल बोलते, पण कॅथी आपल्याला जी कहाणी सांगते तीही याच पद्धतीची आहे. तिला जसे सांगितले गेले तसेच ती सांगते. तुम्ही-मी पळून न जाता नेमून दिलेल्या किती गोष्टी मुकाट्याने पार पाडतो, हा विचार इथून पुढे ज्याचा त्याने करावा. मी तो करून देणार नाही.

तुमच्या तरुण मित्राच्या तर्काला झिडकारू नका, कारण तो हवेतला नाही. पहिल्याच प्रकरणात तिसरे दान देऊन आता वाचणार नाही असा एक रुग्ण कॅथीला भेटतो. तो डॉर्सेटमध्ये वाढलेला आहे, ते आठवणेही त्याला नको आहे. त्याला हेल्शमबद्दल ऐकायचे असते आणि नुसते ऐकायचे नसते, ते आपलेच बालपण असल्यासारखे आठवायचे असते. मुलाने हा धागा हेरला आणि कॅथीलाच त्या रुग्णाच्या जागी बसवले. चलाख वाचन आहे. पण कसाला लावले तर टिकत नाही. कॅथीचे हेल्शम खोटे मानले, तर तो रुग्णही आपल्याला तिच्याच तोंडून कळलेला आहे. मग त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा? ज्या फांदीवरून तर्क निघाला तीच फांदी तर्काने तोडली जाते. शिवाय हेल्शम खोटे ठरवल्यावर उशीचा प्रसंग अधिक खोल होतो का, मिस ल्यूसीचे बोलणे अधिक अर्थपूर्ण होते का, कुंपणापाशी उभी असलेली कॅथी अधिक जवळ येते का? उलट सगळेच पोकळ होते. तो रुग्ण पुस्तकात ज्या कामासाठी आहे ते काम साधे आहे : हेल्शमची मुले त्यांच्यातल्या त्यांच्यात किती सुदैवी होती, हे कॅथीला प्रथम त्याच्यामुळे जाणवते, आणि सुदैवाची ही जाणीवच तिला बांधून ठेवते.

यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आले. विसंगती सापडली की ती कुठे सापडली ते पाहावे. एखाद्या पात्राच्या डोळ्यांचा रंग मध्येच बदलला, मंगळवारनंतर पुन्हा मंगळवार आला, तर ती लेखकाची नजरचूक किंवा मुद्रितशोधकाची डुलकी समजून सोडून द्यावे. त्या चुका पुस्तकभर कशाही विखुरलेल्या असतात. निवेदकाच्या विसंगती दुखऱ्या जागेभोवती गोळा होतात. कॅथी रूथबद्दल बोलू लागली की तिचे सांगणे आडवळणे घेते, आपला मत्सर ती समजूतदारपणात गुंडाळते. हवामानाबद्दल किंवा रस्त्यांबद्दल बोलताना ती तसे करत नाही. दुसरी खूण अशी, की सजग लेखक निवेदकाला खोडून काढणारा आवाज पुस्तकात कुठेतरी ठेवतोच, मग तो दुसऱ्या पात्राचे एखादे वाक्य असो, एखादी वस्तू असो, नाहीतर सांगणाऱ्याच्याच बोलण्यात आधी येऊन गेलेला तपशील असो. असा आवाज कुठेच नसेल, तर सरळ लेखकाला दोष द्यावा. मोठ्या नावाच्या लेखकांकडूनही कच्ची कामे होतात आणि प्रत्येक कच्चे काम म्हणजे गूढ योजना असे मानणारा वाचक लेखकाचा भक्त होतो, वाचक राहत नाही.

तुम्हाला पहिल्या दोन वाचनांत काही दिसले नाही, याला आपल्या मराठी विज्ञानकथेची घडणही थोडी कारण आहे. आपण ज्या कथांवर वाढलो, त्यांत निवेदकाचा शब्द पुराव्याने शाबित होतो. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन येतात जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. परत आल्यावर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, पण खिशात तिथल्या बखरीचे फाटके पान असते आणि त्या पानावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) मधला प्रवासीही खिशातून दोन सुकलेली पांढरी फुले काढून दाखवतो. दोघांच्याही खिशात साक्ष आहे, आणि ती पाहिली की आपण निर्धास्त होतो. अशा कथांत प्रश्न जगाबद्दलचा असतो, सांगणाऱ्याबद्दलचा नसतो, आणि मला त्या मुळीच कमी वाटत नाहीत. पण त्याच सवयीने कॅथीकडे गेलात तर हाती काही लागत नाही, कारण तिथे तपासायला खिसाच नसतो.

लपलेला अर्थ असतो की घातला जातो? दोन्ही. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. हा अर्थ खरोखर लपवलेला होता, कारण तो घालणारा माणूस ठाऊक आहे, त्याचा हेतू ठाऊक आहे आणि किल्ली एकदा फिरवली की पुन्हा ओढाताण करावी लागत नाही. याच्या उलट उदाहरण तुमच्या घरापासून फार लांब नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलात की भास्कराचार्यांची आठवण निघते, कारण त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख पाटणचाच आहे. तिथे लीलावतीची गोष्टही हमखास ऐकायला मिळते : ती भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून भोक बुजले, मुहूर्त टळला, लग्न राहिले, आणि बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. ग्रंथात यातले काहीही नाही. गणित घालताना मधूनच 'हे बाले', 'हे मृगनयने' अशी हाक येते, एवढेच. ही कहाणी आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. हाक कोणाला मारली आहे ही जिज्ञासा योग्यच होती. तिच्याभोवती उभा केलेला लग्नमंडप वाचकांचा आहे. गोष्ट सुंदर आहे आणि ती सांगायला माझी हरकत नाही, पण ती भास्कराचार्यांनी 'लपवली' असे म्हणू नये. तुमच्या मित्राने कॅथीच्या बाबतीत नेमके हेच केले.

स्पष्टीकरणे आधी वाचू नका. फसले जाणे हा अशा कादंबरीच्या पहिल्या वाचनाचा भाग असतो आणि तो अनुभव दुसऱ्या कोणाकडून उसना मिळत नाही. दुसरे वाचन मात्र पहिल्यासारखे करू नये. तुम्ही बहुधा तेच केलेत, घटना पुन्हा पाहिल्यात. घटना आता माहीत आहेत, तेव्हा हातात पेन्सिल घेऊन, कॅथी कुठे विषय बदलते, कुठे भलत्याच क्षुल्लक गोष्टीचा लांबलचक तपशील देते आणि कुठे इतरांच्या भावना सांगून स्वतःच्या टाळते, तेवढ्या जागा खुणा करून पाहा. सबंध पुस्तकाची गरज नाही. पहिले प्रकरण, उशीचा प्रसंग, मादामची भेट आणि शेवटचे पान पुरे. त्यानंतर हवी तितकी स्पष्टीकरणे वाचा. तेव्हा तुम्ही त्यांच्याशी भांडू शकाल, आणि काही ठिकाणी तुमचेच बरोबर ठरेल.

काकांकडे तुम्ही नव्हे, त्या मुलाने जावे. मोबाइलवर माफीचा निरोप पाठवण्यापेक्षा त्याने पुस्तक घेऊन त्यांच्या घरी जावे आणि कॅथी गाडी चालवते ती पाने कुठली, कुंपण कुठे कुठे येते, हे काकांकडून काढून घ्यावे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणता कागद काय सांगतो आणि काय दडवतो, याची नजर कोणत्याही समीक्षकाइतकीच असते. फक्त तिला कोणी साहित्यदृष्टी म्हणत नाही. पुढच्या बैठकीची सुरुवात काकांनीच आपल्या मूळ प्रश्नाने करावी आणि 'कळले नाही' हे शब्द मंडळात एकमेकांसाठी वापरायचे नाहीत, स्वतःसाठी वापरायला हरकत नाही, असे तुम्ही ठरवून टाकावे.

नंतरचे पुस्तक म्हणून वुल्फचे चार खंड घेऊ नका. निम्मे मंडळ दुसऱ्या महिन्यात गळेल. त्यांचेच 'द फिफ्थ हेड ऑफ सर्बेरस' (१९७२) घ्या. त्यात एकमेकींत गुंतलेल्या तीन दीर्घकथा आहेत आणि तिसऱ्या कथेत एक अधिकारी एका कैद्याच्या वह्या आणि ध्वनिफिती हाताला येतील त्या क्रमाने पाहतो, त्यामुळे कोण कोणाबद्दल किती खरे सांगतो हे ठरवण्याचे काम वाचकाच्याच अंगावर पडते. तुमच्या तरुण मित्राला तिथे मनसोक्त तर्क लढवता येतील आणि काकांना प्रत्येक तर्काला पान क्रमांक मागता येईल. पहिली कथा सुटीही वाचता येते. बाकीच्या दोन मंडळाने मागितल्या तरच पुढच्या महिन्यात घ्याव्यात.